छापील संदर्भांची दुरुस्ती : एका शोधनिबंधाच्या कामाच्या नोंदी (नाशिक)

९ जून २०२५

पांडवलेण्यांतील कोरीव लेखांत आलेल्या दानांविषयी सहलेखिका मॅडम आणि मी मिळून लिहिलेला शोधनिबंध नियतकालिकाकडून दुरुस्तीसाठी परत आला आहे. मजकुराबद्दल परीक्षकांनी फारसे काही म्हटलेले नाही. आक्षेप आहेत ते सगळे संदर्भांबद्दल. काही तळटिपांत पृष्ठ क्रमांक नाहीत, एकाच ग्रंथाचे प्रकाशनवर्ष निरनिराळ्या टिपांत निरनिराळे पडले आहे, मराठी आणि इंग्रजी नोंदींची पद्धत एकसारखी नाही, आणि मूळ साधन पाहिल्यासारखा उल्लेख असला तरी ते दुय्यम ग्रंथातून घेतल्याचे शब्दरचनेवरून दिसते, असे त्यांचे शेरे आहेत. शेवटचा शेरा बोचरा असला तरी बरोबर आहे. मुदत ऑगस्टअखेरपर्यंत आहे.

विभागातील आणखी काही जण याच कामाला लागणार असल्यामुळे जमेल तशा नोंदी ठेवायचे ठरले. पहिला निर्णय आजच झाला. संदर्भाची शैली आत्ता ठरवायची नाही. स्वल्पविराम कोठे आणि कंस कोठे, हा प्रश्न शेवटी घ्यायचा. त्याआधी प्रत्येक टिपेमागचा ग्रंथ प्रत्यक्ष पाहायचा, कारण परत आलेल्या निबंधात शैलीच्या उणिवा मोजक्या आहेत आणि माहितीच्या पुष्कळ.

१२ जून

सर्व तळटिपा एका तक्त्यात उतरवल्या. रकाने असे ठेवले: टिपेचा क्रमांक, निबंधातील विधान, सध्याचा संदर्भ, ग्रंथाची प्रत कोठे आहे, आणि शेवटी एक अक्षर. प्रत हाताळून लिहिलेल्या संदर्भापुढे 'ह', केवळ झेरॉक्स किंवा स्कॅन पाहून लिहिलेल्यापुढे 'छ', आणि दुसऱ्याच्या ग्रंथातील टिपेवरून उचललेल्यापुढे 'द'. अक्षरे भरताना दोघांनाही आठवणीवर ताण द्यावा लागला आणि जेथे आठवत नव्हते तेथे सरसकट 'द' लिहिले. हे कठोर वाटले तरी पुढे सोयीचे ठरेल असे वाटते, कारण शंका असलेला संदर्भ 'ह' गटात गेला की तो पुन्हा कोणी उघडत नाही.

'छ' गटाची अडचण वेगळीच निघाली. घरच्या फायलींत जुन्या झेरॉक्सच्या गठ्ठ्यांवर मजकुराची पाने व्यवस्थित आहेत, पण शीर्षकपृष्ठ एकाही गठ्ठ्याला नाही. झेरॉक्स करताना दोन पानांचे पैसे वाचवले, त्यामुळे आता ती पाने कोणत्या आवृत्तीची, हे कळायला मार्ग नाही. हे सगळे ग्रंथ पुन्हा मागवावे लागणार.

१७ जून

टिळक पथावरील सार्वजनिक वाचनालयात बसून मराठी ग्रंथांपासून सुरुवात केली. संस्था १८४० सालची. शहरात जुन्या मराठी पुस्तकांचा शोध घेणाऱ्याला आधी येथेच यावे लागते. प्रत्येक पुस्तकाची चार छायाचित्रे घ्यायची, असा नियम केला: शीर्षकपृष्ठ, त्याची मागची बाजू, उद्धृत मजकुराचे पान आणि त्याच्या आधीचे पान. चौथे छायाचित्र मॅडमनी सुचवले. वाक्य आधीच्या पानावर सुरू झाले असेल तर संदर्भ दोन्ही पानांचा द्यावा लागतो आणि ते घरी आल्यावर कळून उपयोग नसतो.

शीर्षकपृष्ठाच्या मागच्या बाजूने बरेच घोळ उलगडले. मराठी ग्रंथांत मुखपृष्ठावर एक वर्ष, प्रस्तावनेखाली दुसरे आणि मागच्या बाजूला तिसरे असणे नित्याचे आहे. प्रस्तावनेखालची तारीख ही लेखकाने प्रस्तावना संपवल्याची तारीख असते, ग्रंथ प्रसिद्ध झाल्याची नव्हे. आमच्या मसुद्यात एका ग्रंथाला पडलेली दोन वर्षे याच कारणाने होती. तसेच 'दुसरी आवृत्ती' आणि 'दुसरे मुद्रण' यांत फरक करावा लागतो. नव्या आवृत्तीत मजकूर बदललेला आणि पाने सरकलेली असू शकतात, नुसत्या पुनर्मुद्रणात पाने सहसा तीच राहतात. मात्र काही प्रकाशक साध्या पुनर्मुद्रणालाही आवृत्ती म्हणतात. म्हणून तेथे जे छापले आहे तेच लिहायचे आणि पृष्ठ क्रमांक हातातल्या प्रतीचाच द्यायचा, असे ठरवले.

जुन्या पुस्तकांत मुद्रक ठळक आणि प्रकाशक बारीक टाइपात असतो. छापखान्याचे नाव प्रकाशकाच्या जागी जाऊन बसण्याचे प्रकार आमच्या यादीत होते. ते काढून टाकले. प्रकाशकाचे नाव कोठेच नसेल तर मात्र मुद्रकाचे नाव 'मुद्रक' असे स्पष्ट लिहून द्यायचे.

१९ जून

शके वर्षांचा दिवस. जुन्या ग्रंथांवर आणि नियतकालिकांवर फक्त शालिवाहन शक असतो आणि त्यात ७८ मिळवून मोकळे होण्याची पद्धत सर्रास आहे. चैत्र शुद्ध प्रतिपदेपासून डिसेंबरअखेरपर्यंत ती चालते. जानेवारीपासून फाल्गुन अमावास्येपर्यंत ७९ मिळवावे लागतात. म्हणजे शके १८३२ च्या श्रावणातला अंक १९१० चा, पण त्याच शकातल्या माघातला अंक १९११ चा. पौष महिना बहुधा दोन्ही वर्षांत विभागलेला असतो, त्यामुळे तिथी दिली असेल तर पंचांग पाहावे लागते. महिनाच दिलेला नसेल तर एक वर्ष निवडून खोटी अचूकता आणायची नाही, 'शके १८३२ (इ.स. १९१०–११)' असे दोन्ही द्यायचे.

सरकारी प्रकाशनांवरचा भारतीय राष्ट्रीय शक हा वेगळा प्रकार आहे. तो २२ मार्च १९५७ पासून, म्हणजे १ चैत्र १८७९ पासून सुरू झाला आणि त्याचे महिने सौर असल्यामुळे तारखा ठरलेल्या असतात. पंचांगातला चैत्र आणि राजपत्रावरचा चैत्र एकाच दिवशी सुरू होतात असे गृहीत धरता येत नाही.

२४ जून

नाशिक गॅझेटिअर. आमच्या टिपांत नुसते 'नाशिक गॅझेटिअर, पृ. अमुक' असे लिहिले होते आणि त्यामागे तीन निरनिराळ्या गोष्टी निघाल्या. पहिली, मुंबई इलाख्याच्या गॅझेटिअर मालेतील सोळावा खंड, १८८३ चा. दुसरी, राज्य शासनाने काढलेली जिल्ह्याच्या गॅझेटिअरची १९७५ ची सुधारित आवृत्ती, जी वेगळ्या काळात आणि नव्याने लिहिली गेली आहे. तिसरी, संगणकावर वाचलेला मजकूर, ज्यातील पाने छापील ग्रंथाच्या पानांशी जुळत नव्हती. लेण्यांबद्दलची आमची विधाने पहिल्यातून आली होती आणि बाजारपेठांबद्दलची दुसऱ्यातून. तिसऱ्याचा पृष्ठ क्रमांक दोन्हीकडे मिसळला होता.

सगळे छापील प्रतीवरून पुन्हा लावण्यात दुपार गेली. जेथे छापील प्रत मिळाली नसती तेथे 'संगणकीय प्रत' असे लिहून प्रकरणाचे आणि उपशीर्षकाचे नाव द्यायचे ठरले होते. सुदैवाने ती वेळ आली नाही.

लेखक कोण, हा प्रश्न मात्र अवघड निघाला. १८८३ चा खंड कॅम्पबेल यांच्या नावाने उद्धृत करण्याची प्रथा आहे, कारण ते मालेचे संपादक होते. पण पांडवलेण्यांवरील मजकूर पंडित भगवानलाल इंद्रजी यांनी पुरवलेला आहे आणि लेखांच्या वाचनाचे श्रेय त्यांचे आहे. शेवटी सूचीत ग्रंथ त्याच्या नावानेच लावला, संपादक म्हणून कॅम्पबेल यांचा उल्लेख केला आणि लेण्यांसंबंधी प्रत्येक टिपेत भगवानलाल यांचे नाव घातले. परीक्षकांना ही नोंद लांबलचक वाटेल, वाटू द्यावी. ज्याने गुहेत उभे राहून अक्षरे उतरवली त्याचे नाव गाळून मालेच्या संपादकाचे ठेवणे आम्हा दोघांनाही पटले नाही.

ग्रंथनामातील 'नासिक' हे रूप तसेच ठेवले आहे. मजकुरात आम्ही नाशिक लिहितो, पण ग्रंथाच्या शीर्षकाचे शुद्धलेखन सुधारण्याचा अधिकार संदर्भ देणाऱ्याला नाही.

३० जून

या कामातला सर्वांत जास्त वेळ खाणारा आणि सर्वांत उपयोगी पडलेला भाग.

लेणे क्रमांक १० मध्ये क्षत्रप राजा नहपान याचा जावई उषवदात याचा लेख आहे. त्यात ३००० कार्षापणांची (त्या काळच्या नाण्यांची) कायमची ठेव गोवर्धन येथील विणकरांच्या श्रेणींकडे, म्हणजे व्यावसायिक संघांकडे, ठेवल्याची नोंद आहे: एका श्रेणीकडे २०००, व्याज शेकडा एक, दुसरीकडे १०००, व्याज शेकडा पाऊण. (गोवर्धन हे गाव आजही गंगापूर धरणाच्या वाटेवर आहे आणि मुक्त विद्यापीठाच्या पत्त्यात त्याचे नाव येते.) आमच्या निबंधात हे व्याज 'दरमहा' असल्याचे ठामपणे लिहिले होते आणि टिपेत 'एपिग्राफिया इंडिका, खंड ८' (कोरीव लेख प्रसिद्ध करणारी माला) एवढेच होते. तक्त्यात ही टीप 'द' गटात होती. पडताळा घेताना दोन मराठी पुस्तके उघडली. एकात 'दरमहा' होते, दुसऱ्यात 'सालीना', आणि दोघांनीही संदर्भ त्याच खंडाचा दिला होता. दोघांपैकी एकाने, कदाचित दोघांनीही, तो खंड उघडलेला नाही, हे उघड होते.

खंड मिळवून पाहिला. एमिल सेनार यांचा नाशिकच्या लेखांवरील निबंध खंड ८ (१९०५–०६) मध्ये पृष्ठ ५९ ते ९६ असा आहे आणि हा लेख त्यात बाराव्या क्रमांकावर, पृष्ठ ८२ पासून आहे. मूळ प्राकृत पाठात व्याजासाठी 'पडिकशत' आणि 'पायूनपडिकशत' असे शब्द आहेत. महिन्याचा उल्लेख त्यांत नाही. सेनार यांच्या इंग्रजी भाषांतरात 'महिन्याला' हा अर्थ आहे, पण तो कंसात आहे. म्हणजे तो भाषांतरकाराने जोडलेला आहे, लेखातला नाही. मराठी पुस्तकांत येताना कंस गळाले. एका ठिकाणी जोड मूळ मजकुरात विरघळली आणि दुसऱ्या ठिकाणी ती जाऊन तिच्या जागी वर्ष आले.

कंसातली जोड निराधार मात्र नाही. त्याच लेखात पुढे या लेण्यात वर्षावास करणाऱ्या (पावसाळ्यात मुक्काम करणाऱ्या) वीस भिक्षूंना प्रत्येकी बारा कार्षापण चीवरासाठी, म्हणजे वस्त्रासाठी, देण्याचे म्हटले आहे. २००० वर शेकडा एक दरमहा म्हणजे महिन्याला २० आणि वर्षाला २४०. वीस भिक्षूंना बारा बारा दिले तरी २४०च होतात. व्याज सालीना धरले तर वर्षाला अवघे २० मिळतील आणि हिशेब जुळणार नाही. तेव्हा 'दरमहा' हा अर्थ योग्य आहे, पण तो अनुमानाने काढलेला आहे आणि निबंधात तो तसाच दिसला पाहिजे. वाक्य आता असे केले: शेकडा एक (दरमहा) व्याजाने, आणि टिपेत लिहिले की कंस सेनार यांचा आहे व वर्षावासाच्या रकमेवरून तो अर्थ पक्का होतो. एका कंसामुळे निबंधात एक नवा परिच्छेद वाढला आणि मॅडमच्या मते तो संपूर्ण निबंधातला सर्वांत बरा परिच्छेद आहे.

यापुढे नियम: अवतरणातला प्रत्येक कंस कोणाचा, हे टिपेत सांगायचे. मूळ संपादकाचे कंस तसेच ठेवायचे आणि आमची भर चौकटी कंसात घालायची.

२ जुलै

लेखांच्या क्रमांकांचा घोळ. एकाच लेखाला निरनिराळ्या प्रकाशनांत निरनिराळे क्रमांक आहेत. सातवाहन राजमाता गौतमी बलश्रीचा लेख सेनार यांच्याकडे क्रमांक २ आहे. ल्यूडर्स यांनी ब्राह्मी लेखांची जी यादी 'एपिग्राफिया इंडिका'च्या दहाव्या खंडाची पुरवणी म्हणून दिली तिच्यात तो ११२३ आहे. उषवदाताचा वरचा लेख सेनार यांचा १२ आणि ल्यूडर्स यांचा ११३३. बर्जेस आणि ब्यूलर यांच्या १८८३ च्या अहवालाची मांडणी आणखी वेगळी. नुसते 'नाशिक लेख क्र. २' लिहिले तर वाचकाला कोणता क्रम धरायचा ते कळत नाही. हा लेख ज्या लेण्यात आहे त्याचा क्रमांक पुन्हा ३ असल्यामुळे गोंधळात भर पडते. आता प्रत्येक टिपेत लेणे क्रमांक, सेनार क्रमांक आणि ल्यूडर्स क्रमांक हे तिन्ही देत आहोत. जागा जाते, पण ज्याला फक्त एकच ग्रंथ उपलब्ध आहे त्यालाही लेख सापडतो.

७ जुलै

मिराशी. वासुदेव विष्णु मिराशी यांचा सातवाहन आणि पश्चिमी क्षत्रपांवरील मराठी ग्रंथ महाराष्ट्र राज्य साहित्य संस्कृती मंडळाने १९७९ मध्ये काढला. इंग्रजी ग्रंथ १९८१ चा. मॅडमनी मराठी वापरला होता, मी इंग्रजी, आणि सूचीत 'मिराशी, वा. वि.' व 'मिराशी, व्ही. व्ही.' अशी दोन माणसे तयार झाली होती. नाव 'मिराशी, वा. वि.' या एकाच रूपाखाली आणले, दोन्ही ग्रंथ त्याखाली स्वतंत्र नोंदवले. इंग्रजी ग्रंथाचे पान आणि मराठी ग्रंथाचे वर्ष अशी सरमिसळ झालेल्या टिपा पानोपानी ताडून वेगळ्या केल्या. जेथे दोन्हींत मजकूर आहे तेथे मराठीचाच संदर्भ द्यायचा, कारण निबंध मराठी आहे आणि वाचकाला तो सहज मिळेल. या ग्रंथात इतिहास आणि लेख असे दोन भाग आहेत. भाग कोणता हे पृष्ठ क्रमांकाआधी लिहिणे सक्तीचे केले.

नावांसाठी एक वही सुरू केली, जी विभागातील साहित्याच्या निबंधांनाही उपयोगी पडेल. तिच्यातला पहिला नियम: शीर्षकपृष्ठावर जे नाव आहे तेच नोंदीत, दुसऱ्या नावाचा निर्देश 'पाहा' म्हणून. आपल्याच गावातले उदाहरण घ्यायचे तर 'विशाखा' कुसुमाग्रजांच्या नावाने आहे आणि 'नटसम्राट' वि. वा. शिरवाडकरांच्या. दोन्ही एका नावाखाली ओढली की ग्रंथालयाच्या यादीत शोधणारा चुकतो. दोन्ही वेगळी ठेवून जोडनिर्देश केला नाही की परका वाचक त्यांना दोन लेखक समजतो.

१४ जुलै

नियतकालिके. भारत इतिहास संशोधक मंडळाच्या त्रैमासिकाचे बांधीव खंड पाहिले. बांधणी करताना अंकांची मुखपृष्ठे काढून टाकलेली असतात आणि काही अंक जोडअंक असतात, त्यामुळे लेख कोणत्या अंकातला हे आतल्या पानांवरून ठरवावे लागते. अशा ठिकाणी वर्ष, जोडअंकाचे सर्व क्रमांक आणि लेखाची पहिली व शेवटची पाने द्यायची. 'वर्ष' म्हणजे त्रैमासिकाचे वय, इसवी सन नव्हे; नवख्या मदतनिसांनी ही दोन वर्षे एकमेकांच्या जागी लिहिल्याचे तक्त्यात दिसले.

दिवाळी अंकांत जाहिरातींची पाने कधी क्रमात मोजलेली असतात, कधी नाही. पानावर छापलेला आकडाच प्रमाण. वृत्तपत्रांच्या बाबतीत आवृत्ती लिहावी लागते: एकाच दैनिकाच्या मुंबई आणि नाशिक आवृत्तींत बातमी वेगवेगळ्या पानांवर असते, कधी एकीत असते आणि दुसरीत नसते. रविवारच्या पुरवणीची पाने स्वतंत्र एकपासून सुरू होतात, म्हणून 'पुरवणी' हा शब्द हवाच.

पावसामुळे आज येता-जाता बराच वेळ गेला. झेरॉक्सचा गठ्ठा प्लास्टिकच्या पिशवीत असल्यामुळे वाचला.

१८ जुलै

उरलेल्या 'द' टिपा. ज्यांचे मूळ ग्रंथ नाशिकमध्ये मिळाले नाहीत त्यांपैकी काही पुण्यातील एका मित्राने पाहून दिले. त्यानेही शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र पाठवावे असा आग्रह धरला आणि त्याने तो कुरकुरत पाळला. तरीही जे मिळाले नाहीत त्यांच्यासाठी टीप अशी: मूळ लेखक, ग्रंथ, पृष्ठ, त्यापुढे 'उद्धृत' आणि आम्ही प्रत्यक्ष वाचलेला ग्रंथ, त्याचे पृष्ठ. संदर्भसूचीत मात्र फक्त वाचलेला ग्रंथ. सूची यामुळे आखूड झाली आणि परीक्षकांना अभ्यास कमी वाटेल अशी भीती एका सहकाऱ्याने बोलून दाखवली. न पाहिलेल्या ग्रंथांनी सूची फुगवण्याची पद्धत आपल्याकडे इतकी रुळली आहे की आखूड सूचीचा संकोच वाटावा, याचेच आश्चर्य वाटले.

२३ जुलै

मसुदा साम्यतपासणीच्या प्रणालीतून काढला. अवतरणे लाल रंगात आली आणि थोडी घबराट झाली. विद्यापीठ अनुदान आयोगाच्या २०१८ च्या विनियमांनुसार योग्य निर्देशासह दिलेली अवतरणे, संदर्भसूची, अनुक्रमणिका, प्रस्तावना आणि ऋणनिर्देश साम्य मोजताना वगळायचे असतात. ती वगळून पुन्हा तपासणी करून घेतली. दोन ठिकाणी अवतरणचिन्ह उघडले होते पण मिटवले नव्हते, म्हणून पुढचा सगळा परिच्छेद अवतरण ठरला होता. तेवढे दुरुस्त केले.

२८ जुलै

आता शैली. 'तत्रैव' (म्हणजे 'वरच्याच ग्रंथात') काढून टाकले. पहिल्या मसुद्यात ते मुबलक होते आणि मध्ये नव्या टिपा घातल्यावर निम्म्या ठिकाणी 'तत्रैव' भलत्याच ग्रंथाकडे बोट दाखवू लागले होते. 'उनि' या संक्षेपाचेही तेच. उपरिनिर्दिष्ट ग्रंथ कोणता, ते शोधायला वाचकाला दहा पाने मागे जावे लागते आणि एका लेखकाचे दोन ग्रंथ असतील तर तेही कळत नाही. संदर्भलेखनाचे नियम देणाऱ्या 'शिकागो मॅन्युअल'च्या सतराव्या आवृत्तीनेही तत्रैवापेक्षा संक्षिप्त नोंद बरी मानली आहे. आमची संक्षिप्त नोंद अशी: आडनाव, ग्रंथनामातील एकदोन शब्द, पृष्ठ. टिपा कितीही हलल्या तरी ती बिघडत नाही.

प्रकाशनस्थळ द्यायचे की नाही, यावर चर्चा झाली. एपीए या दुसऱ्या संदर्भशैलीच्या २०१९ मध्ये आलेल्या सातव्या आवृत्तीने ते काढून टाकले आणि शिकागोच्या २०२४ च्या अठराव्या आवृत्तीत १९०० नंतरच्या पुस्तकांना ते आवश्यक धरलेले नाही. मराठी ग्रंथांसाठी आम्ही ते ठेवले. जुन्या मराठी पुस्तकांत प्रकाशक म्हणजे पुष्कळदा स्वतः लेखक किंवा एखादा गृहस्थ असतो. गावाचे नाव गेले तर त्या माणसाचा माग उरत नाही.

१ ऑगस्ट

झोटेरो या संदर्भ सांभाळणाऱ्या संगणक-प्रणालीत नोंदी भरल्या. सूची आपोआप तयार होते हे खरे, पण तीन गोष्टी हाताने कराव्या लागल्या. पहिली, मराठी नोंदींत संपादक, पृष्ठे आणि 'व इतर' यांसाठी इंग्रजी संक्षेप उमटत होते. निबंध वर्डमध्ये साध्या मजकुरात बदलून ते शेवटी एकेक करून 'संपा.', 'पृ.' आणि 'व इतर' असे केले. हे शेवटीच करावे, कारण एकदा साधा मजकूर केला की सूची पुन्हा आपोआप ताजी होत नाही.

दुसरी, वर्णानुक्रम. संगणकाने अक्षरांच्या संकेतक्रमाने लावलेल्या यादीत क्षीरसागर 'क' मध्ये गेले, कारण 'क्ष' त्याच्या लेखी 'क' आणि 'ष' यांची जोडणी आहे. 'ळ' हा 'ल' आणि 'व' यांच्या मध्ये बसतो, म्हणून काळे हे काशीकरांच्या आधी आले. आपल्या वर्णमालेत 'ळ' 'ह' च्या नंतर आहे आणि काशीकर आधी यायला हवेत. भाषा मराठी निवडल्यावर काही ठिकाणी क्रम सुधारला, काही ठिकाणी नाही. शेवटी सूची छापून पेन्सिलीने लावली.

तिसरी, जुन्या फायली. मॅडमच्या काही टिपा युनिकोडपूर्व फॉन्टमध्ये होत्या आणि चिकटवल्यावर त्यांचा चिखल झाला. रूपांतर करणाऱ्या साधनाने बहुतेक मजकूर सुटला, पण रफार आणि ऱ्हस्व इकार जागेवरून सरकले. ग्रंथनामे एकेक करून छायाचित्रांशी ताडली. 'ॲ' हे अक्षर दोन निरनिराळ्या पद्धतींनी टंकित झाल्यामुळे दिसायला एकच असलेली नोंद दोनदा आली होती, तीही येथेच सापडली.

११ ऑगस्ट

मुद्रितशोधकाने मसुदा वाचून दिला आणि १९३० च्या आसपासच्या अवतरणांतील सर्व व्युत्पत्तिमूलक (उच्चारात नसलेले, जुन्या लेखनातले) अनुस्वार काढून टाकले. शासनाने शुद्धलेखनाचे १४ नियम १९६२ मध्ये स्वीकारले आणि १९७२ मध्ये आणखी चार जोडले गेले. त्याआधी छापलेल्या मजकुराला ते लावता येत नाहीत. अवतरणे छायाचित्रांवरून पुन्हा पूर्ववत केली. यापुढे मसुदा बाहेर देताना अवतरणांवर रंग चढवून 'हात लावू नये' असे लिहून देणार आहोत.

१९ ऑगस्ट

अदलाबदल करून पडताळणी. मी लिहिलेल्या टिपा मॅडमनी आणि त्यांच्या मी, फक्त छायाचित्रे समोर ठेवून तपासल्या. एकाने मोठ्याने वाचायचे आणि दुसऱ्याने चित्र पाहायचे. ज्याने टीप लिहिली त्याच्या डोळ्यांना १९७५ च्या जागी १९५७ असले तरी १९७५च दिसते. दुसऱ्याला ते लगेच खटकते. आकड्यांची अशी उलटापालट अनेक ठिकाणी निघाली. पृष्ठविस्तारात 'पृ. १२३–२५' आणि 'पृ. १२३–१२५' अशा दोन पद्धती होत्या, पूर्ण आकड्यांची पद्धत ठेवली.

२६ ऑगस्ट

निबंध पाठवला. झेरॉक्स आणि रिक्षा धरून खर्च हजार रुपयांच्या आत राहिला. वेळ मात्र निबंध लिहायला लागला त्याहून जास्त लागला आणि त्यातला मोठा भाग शीर्षकपृष्ठाची झेरॉक्स नसल्यामुळे तेच ग्रंथ पुन्हा मागवण्यात गेला.

एक टीप सुटली नाही. एका दिवाळी अंकातील लेखावरून घेतलेले घाटांबद्दलचे विधान होते. उपलब्ध प्रतीचे पहिले पान फाटलेले, वर्ष कोठेच नाही, आणि दुसरी प्रत शहरात मिळाली नाही. 'वर्ष नमूद नाही' असे लिहून ते ठेवता आले असते, पण त्या विधानाचे महत्त्वच तो लेख कोणत्या काळातला आहे यावर अवलंबून होते. विधान काढून टाकले आणि त्या परिच्छेदाचे शेवटचे वाक्य बदलले.

तक्त्याची कोरी प्रत विभागाच्या संगणकावर ठेवली आहे. तिच्यात दोन रकाने वाढवले: 'शीर्षकपृष्ठाचे छायाचित्र आहे का' आणि 'अवतरणातील कंस कोणाचे'.